केलॉगच्या पोस्टातलं गाढव

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचं वरचं टोक चिंचोळं आहे. त्या पट्ट्यात, कोर्दलेन नदीच्या दक्षिण फाट्यावर, केलॉग नावाचं खाणीचं गाव आहे. गावच्या पोस्टात १९४१ साली एक तैलचित्र लागलं. नाव ‘डिस्कव्हरी’. नोआ केलॉग आणि त्याच्या गाढवाला डोंगरात खनिज कसं सापडलं, हा विषय. चित्र वाईट नाही. फक्त या भिंतीसाठी आधी निवडलेलं चित्र ते नव्हे. ते पहिलं चित्र आराखड्याच्या पुढे कधी गेलंच नाही. तो आराखडा आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या कलासंग्रहालयात आहे, आणि त्यात गाढव नाही, स्ट्रेचर आहे.

प्रकरण तसं लहान, दोनेक वर्षांत मिटलेलं. पण सरकारी इमारत ‘गावाची’ म्हणायची, तर गाव म्हणजे नेमकं कोण, या प्रश्नावर सरकारी माणसं कशी अडखळतात ते इथे अगदी जवळून दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इमारत

महामंदीची सुरुवात सगळे शेअरबाजारापासून सांगतात. केलॉगसारख्या गावात ती चांदी आणि शिशाच्या भावातून आली. १९३२च्या अखेरीस चांदी औंसाला २५ सेंटच्या आसपास येऊन पडली होती. या घसरणीचा एक धागा आपल्याकडेही येतो. चलन सोन्याशी बांधायचं ठरवल्यावर इंग्रजांच्या हिंदुस्थान सरकारने तिजोरीत साठलेले चांदीचे रुपये वितळवून ती चांदी १९२७पासून जगाच्या बाजारात विकायला काढली. बाजार आधीच मऊ, त्यात ही भर. शेवटी जुलै १९३३मध्ये लंडनला आठ देशांचा करार झाला आणि चार वर्षांत १४ कोटी औंसांहून जास्त चांदी विकणार नाही, असं हिंदुस्थान सरकारला कबूल करावं लागलं. पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदाच केला की सरकार स्वतः चांदी विकत घेईल. पश्चिमेकडच्या खाणवाल्या राज्यांच्या सेनेटरांनी तो रेटून नेला होता. केलॉगच्या खाणींत पुन्हा जान आली. शेजारची सनशाइन खाण तर १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशातली सर्वांत मोठी चांदीची खाण ठरली.

म्हणजे पोस्टाची इमारत उभी राहिली ती अगदी भुकेकंगाल गावात नव्हे. सरकारच्या आधाराने नुकत्याच सावरलेल्या गावात ती आली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण सरकारी पैशाचे उपकार आणि सरकारी हस्तक्षेपाचा राग ही दोन्ही त्या गावात एकाच वेळी होती.

पोस्टं बांधायची ती ट्रेझरी खात्याने, म्हणजे तिकडच्या अर्थखात्याने. मंदीच्या काळात रोजगार निघावा म्हणून या खात्याने हजाराहून जास्त पोस्टं बांधली. मुख्य वास्तुशास्त्रज्ञ लुई सायमन. लहान गावांसाठी नकाशांचे साचे ठरलेले होते. एकमजली, सरळ रेषांचा, विटांचा ठोकळा, समोर चार पायऱ्या, ध्वजस्तंभ. आत लांबट दालन, एका बाजूला तिकिटांच्या खिडक्या आणि पोस्टपेट्यांची रांग, दालनाच्या टोकाला पोस्टमास्तरच्या खोलीचं दार. त्या दारावर छतापर्यंत रिकामी भिंत उरते. देशभरातल्या शेकडो पोस्टांत हीच भिंत चित्रकारांच्या वाट्याला आली. कित्येकांनी कुरकुर केली की दाराची चौकट चित्राच्या पोटात घुसते.

एक टक्का

ऑक्टोबर १९३४मध्ये ट्रेझरीत एक छोटा विभाग निघाला. आधी त्याचं नाव चित्र आणि शिल्प विभाग होतं, १९३८पासून ललित कला विभाग. लोक त्याला नुसतं ‘सेक्शन’ म्हणत. एडवर्ड ब्रूस हा त्याचा प्रमुख : वकिली केलेला, धंदा केलेला, आणि मग चाळिशीत चित्रकार झालेला माणूस. विभागाचा हिशेब सोपा होता. इमारतीच्या खर्चातला साधारण एक टक्का सजावटीला. पोस्ट ७० हजार डॉलरचं असेल तर चित्राला ७००. तेवढ्यात रंग, कापड, प्रवास आणि चित्रकाराचं वर्षभराचं पोट.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, म्हणून सांगून टाकतो. बेकार कलाकारांना आठवड्याचा पगार देणारी योजना वेगळी होती, तिचं नाव डब्ल्यूपीए. सेक्शन गरज बघून काम देत नसे, स्पर्धेतून देत असे. आराखडे नाव झाकून यायचे, पंच निवडायचे. त्यामागची भावना अशी की वशिला चालू नये. भावना चांगलीच. पण नाव झाकलं की चित्रकार कुठला, गाव त्याने पाहिलंय का, हेही झाकलं जातं.

१९३९ साली सेक्शनने मोठा घाट घातला. तेव्हा राज्यं ४८ होती. प्रत्येक राज्यातलं एकेक पोस्ट घ्यायचं आणि ४८ भिंतींची एकच स्पर्धा लावायची. सुमारे दीड हजार आराखडे आले. पंचांत सगळे कलाकारच. निकाल लागला आणि ४ डिसेंबर १९३९च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात विजेते आराखडे छापून आले. ‘लाइफ’ म्हणजे त्या काळी घराघरांत जाणारा अंक. त्यामुळे झालं असं की कित्येक गावांना आपल्या पोस्टात काय लागणार आहे ते आधी न्हाव्याच्या दुकानात, अंक चाळताना कळलं. विजेत्यांतल्या कित्येकांनी तर आपापल्या वाट्याचं गाव पाहिलेलंही नव्हतं. ॲरिझोनातल्या सॅफर्डमध्ये अपाची या मूळ अमेरिकन जमातीच्या नर्तकांचा आराखडा बघून लोक खवळले; तिथल्या जुन्या वसाहतवाल्यांच्या घरात अपाचींशी झालेल्या झगड्यांच्या आठवणी अजून ताज्या होत्या. तिथलाही विषय बदलावा लागला.

आयडाहोच्या वाट्याला आलेली भिंत केलॉगची होती.

स्ट्रेचर

केलॉगची स्पर्धा जिंकली ती फ्लेचर मार्टिनने. ‘गाव न पाहिलेला शहरी चित्रकार’ हा शिक्का त्याच्यावर मारता येत नाही. जन्म १९०४, कोलोराडोतला. वाढला आयडाहो आणि वॉशिंग्टनच्या खेड्यांत. लाकूडतोडीचं काम केलं, नौदलात चार वर्षं काढली, मुष्टियुद्ध खेळला. चित्रकला कुठल्या शाळेत शिकला नाही. लॉस एंजेलिसला मेक्सिकन चित्रकार सिकेरोस भित्तिचित्रं करत होता, त्याच्या हाताखाली काही काळ राबला. गोदीतल्या मारामारीचं त्याचं एक चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. जहाजाच्या गोल खिडकीतून पाहिल्यासारखं. अंगमेहनत करणाऱ्या शरीराला ताण कुठे पडतो, हे या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

त्याच्या आराखड्याचं नाव होतं ‘माइन रेस्क्यू’. खाणीच्या लाकडी टेकूंमध्ये, अंधाऱ्या अरुंद जागेत, साथीदार एका जखमी खाणकामगाराला स्ट्रेचरवरून बाहेर काढतायत. त्यात रडारड नाही, मूठ आवळलेला पुढारी नाही, की खलनायक म्हणून कुणी मालकही नाही. स्ट्रेचरचा भार आणि तो पेलणारी माणसं, बस्स. पंचांना ते आवडलं यात नवल नाही. मलाही ४८ आराखड्यांत हा सरस वाटतो. उरलेल्यांतले बरेच टपालगाड्या, पायोनियर म्हणजे पहिले वसाहतवाले, धान्याची रास, असे कॅलेंडरी आहेत.

केलॉगमध्ये मात्र दोन तट पडले. खाणकंपन्यांच्या बाजूची आणि व्यापारी मंडळी म्हणू लागली की हे चित्र नको. खाण म्हणजे मरण, असं सांगणारं चित्र गावच्या पोस्टात कशाला? खाणकामगारांची युनियन म्हणाली की हेच हवं.

हा तट समजायला चाळीस-पन्नास वर्षं मागे जावं लागतं. १८९२ साली या खोऱ्यात संपावरून गोळीबार झाले, एक गिरणी सुरुंगाने उडाली. २९ एप्रिल १८९९ला युनियनच्या माणसांनी बर्क गावात आगगाडी ताब्यात घेतली, वाटेत डायनामाइट भरून घेतलं आणि बंकर हिल या खाणकंपनीची खनिज दळण्याची अवाढव्य गिरणी जमीनदोस्त केली. सरकारने लष्करी कायदा लावला. शेकडो माणसांना खटल्याविना कोंडवाड्यात ठेवलं, आणि पुढे तर परवाना असल्याशिवाय खाणीत कामच मिळेना. १९०५ साली आयडाहोचा माजी गव्हर्नर स्ट्युननबर्ग आपल्या घराच्या फाटकाशी बॉम्बने मारला गेला, तोही याच भांडणाच्या शेपटातून. १९३० नंतरच्या दशकात नव्या कामगार कायद्यांमुळे युनियन खोऱ्यात परत पाय रोवत होती. म्हणजे १९४०च्या केलॉगमध्ये ‘खाणीत माणसं जखमी होतात’ हे वाक्य सुरक्षेच्या फळ्यावरची सूचना राहिलेलं नव्हतं. ते उच्चारलं की कोण कुठल्या बाजूचा ते कळायचं.

वॉशिंग्टनमध्ये बसलेल्यांना या इतिहासाची कितपत कल्पना होती, हा प्रश्न मला वारंवार पडतो. सेक्शनचा रोजचा पत्रव्यवहार बघणारा एडवर्ड रोवन हा सज्जन माणूस होता. आयोवा राज्यात चित्रकार ग्रँट वुडबरोबर त्याने कलाकारांची वसाहत चालवली होती. खेड्यातल्या लोकांना चित्रं आवडावीत ही त्याची मनापासूनची तळमळ. सेक्शनचं धोरणही तेच. चित्र लोकांना आपलं वाटलं पाहिजे. लोक रागावले तर उद्या काँग्रेसमधला, म्हणजे तिकडच्या संसदेतला, कुणीतरी उठून हा एक टक्काच बंद करा म्हणेल. त्यामुळे तक्रारीचं पत्र आलं की कार्यालय चटकन हलायचं. शाबासकीच्या पत्राने हलायचं कारणच नसे.

इथे प्रकरणाची मेख आहे. ‘गावाला विचारा’ हे धोरण ठरलं होतं, पण विचारायचं कुणाला ते ठरलं नव्हतं. व्यवहारात गाव म्हणजे पोस्टमास्तर, व्यापारी, आणि ज्याच्याकडे छापील नावाचा कागद आहे तो. केलॉगमध्ये या खेपेला दुसरी बाजूही संघटित होती, तिनेही आपलं म्हणणं मांडलं. तरी दोन्ही तागडीत टाकली तेव्हा ‘एकमत नाही’ एवढंच निघालं. आणि सरकारी खात्यात एकमत नाही याचा अर्थ ठरलेला असतो : ज्यात कुणी भांडणार नाही ते करा.

मार्टिनला विषय बदलायला सांगण्यात आलं.

गाढव

दुसरा विषय गावाच्या तोंडावरच होता. १८८५ साली नोआ केलॉग नावाचा बेकार सुतार मरे गावातून खनिज शोधायला निघाला. त्याला शिधा आणि गाढव दिलं होतं पेक आणि डॉक्टर कूपर या दोघांनी. रिवाज असा की काही सापडलं तर शिधा देणाऱ्याचा वाटा. पुढची कथा म्हणजे, गाढव रात्री भरकटलं, सकाळी डोंगरउतारावर सापडलं, आणि ते एकटक बघत होतं ते उन्हात चकाकणाऱ्या गॅलेनाकडे. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज. इथल्या गॅलेनात चांदीही होती. तीच पुढे बंकर हिल खाण. केलॉगने जोडीदार घेऊन त्या जागेवर हक्क सांगितला आणि शिधावाल्यांना वगळलं. भांडण कोर्टात गेलं. न्यायाधीश नॉर्मन बक यांनी निकालात शोधाचं श्रेय माणसांबरोबर गाढवालाही दिलं, आणि गाढव ज्यांचं त्यांना वाटा मिळाला. या गावाला आधी मायलो म्हणत, नंतर केलॉग नाव पडलं. गावाने पुढे पाटीही लावली की हे गाव एका गाढवाने वसवलं आणि इथे त्याचेच वंशज राहतात.

आता हे बघा. या गोष्टीत पैशावरून दगाबाजी आहे, भागीदारांची फसवणूक आहे, कोर्टकज्जा आहे. कुणाला त्यातही मालक आणि राबणारे यांचं भांडण दिसलं असतं. पण गाढव मध्ये आलं की सगळे हसतात, आणि हसणारं गाव एकमताचं दिसतं. मार्टिनने तेच रंगवलं. कसलेला हात आहे, त्यामुळे चित्र उतरलंय ठीक. पण आराखड्यातला तो वजनाचा ताण त्यात शोधून सापडत नाही.

ही चित्रं थेट भिंतीवर रंगवत नसत. कापडावर तेलरंगात स्टुडिओत करायची, गुंडाळी करून रेल्वेने आणायची आणि भिंतीला चिकटवायची. चिकटवायला वार्निशात कालवलेला सफेदा वापरण्याची तेव्हाची सर्वसाधारण पद्धत होती. सफेदा म्हणजे शिसं. कारागीर गिलाव्यावर तो दाट थापतो, कापडाची कडा वरून सोडतो, रबरी रूळ मधून बाहेरच्या बाजूला फिरवत हवेचे फुगे काढतो, आणि कडेने बाहेर आलेला लगदा फडक्याने पुसतो. त्या काळची असली कित्येक चित्रं आज काढायला गेलं तर कापड फाटेल पण शिसं सोडत नाही.

पुढे

१९४३मध्ये युद्धाच्या धबडग्यात सेक्शन बंद झाला. त्याच वर्षी मार्टिन ‘लाइफ’तर्फे उत्तर आफ्रिकेतल्या रणांगणावर चित्रं काढत होता, स्ट्रेचर तिथे भरपूर होते.

२ मे १९७२. केलॉग आणि वॉलेसच्या मधल्या बिग क्रीकमध्ये, सनशाइन खाणीत आग लागली. त्या पाळीत १७३ माणसं जमिनीखाली होती. ज्वाळांनी नव्हे, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडने घात केला. ८० जण निसटले. वर फाटकाशी बायका-पोरं आठवडाभर उभी होती. ९ मेला ४,८०० फुटांच्या पातळीवर दोघे जिवंत सापडले. ९१ मेले. आयडाहोच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठा खाण-अपघात, आणि १९७७चा अमेरिकेचा खाणसुरक्षा कायदा होण्यामागे जी प्रकरणं होती त्यांतलं हे एक.

इथे ‘चित्रकाराला भविष्य दिसलं होतं’ असं लिहायचा मोह होतो. ते खरं नाही. १९४०मध्येही केलॉगच्या खाणीत माणसं दगडाखाली सापडत होती, छातीत सिलिकाची धूळ घेऊन खोकत होती. चित्र नको म्हणणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं, नाहीतर ते नको कशाला म्हणाले असते? मार्टिनने काही नवं सांगितलंच नव्हतं.

शिशाचीही कथा तशीच. १९७३ साली बंकर हिलच्या शिसं गाळण्याच्या कारखान्यात धूर गाळणाऱ्या यंत्रणेला आग लागली, तरी कारखाना चालूच ठेवला गेला. आसपासच्या पोरांच्या रक्तात शिशाचं प्रमाण भयंकर निघालं. १९८१ला कंपनीने टाळं लावलं, दोनेक हजार नोकऱ्या गेल्या. १९८३ला २१ चौरस मैलांचा परिसर प्रदूषण निवारणाच्या सरकारी यादीत गेला. आता गावावरून बर्फावरच्या खेळांसाठी पाळण्याची तार जाते.

राहता राहिला तो आक्षेप, जो मला कंपनीच्या सोयीपेक्षा गंभीर वाटतो. पोस्ट ही काही कलादालनासारखी जागा नव्हे. चित्र बघायला माणूस मुद्दाम येत नाही, पत्र घ्यायला येतो. नवरा दुसऱ्या पाळीला गेलाय, आणि बाई पेटीची चावी फिरवताना रोज मान वर करून काय बघणार? स्ट्रेचर. एखादी म्हणाली असती की नको मला हे, तर ती मालकांची माणूस ठरली असती का? पंचांनी तिला विचारलं नव्हतं, व्यापाऱ्यांनीही नाही, आणि युनियनने तिच्या वतीने होकार दिला होता. खाणीतल्या माणसांना चित्र हवं होतं, त्याचं कारण मला कळतं : आपण काय करतो ते एकदा सरकारी भिंतीवर, सरकारी खर्चाने लिहिलं जावं. पण दोन्ही खऱ्या गोष्टी एका दारावरच्या भिंतीत मावत नव्हत्या.

सनशाइनच्या अपघातानंतर दोन वर्षांनी, १९७४मध्ये, त्या खोऱ्याने स्वतःचं स्मारक उभारलं. या वेळी वॉशिंग्टनहून स्पर्धा नव्हती, पंच नव्हते, टक्का नव्हता. केन लॉन या स्थानिक शिल्पकाराने ते केलं. हमरस्त्याच्या कडेला, दरीच्या तोंडाशी, एक खाणकामगार ड्रिल उचलून उभा आहे, पाय रोवून, हेल्मेटवरचा दिवा कायम पेटलेला. पायथ्याशी लहान लहान थडगी आहेत, त्यांवर नावं. जखमी कुणी नाही, कुणी कुणाला उचलून नेत नाही. स्ट्रेचर तिथेही नाही.